ईएमटीच्या परीक्षेचा अभ्यास : पुस्तक मिटा, मोठ्यानं बोला, हात चालवा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमाग कारखाना. कामगाराचा हात मागात अडकलाय, मनगटातून रक्त वाहतंय आणि माग अजून चालूच आहे. तुम्ही दारात पोहोचलात. सर्वात आधी काय कराल? (अ) रक्त थांबवू (ब) नाडी बघू (क) ऑक्सिजन लावू (ड) मेन स्विच बंद करायला लावू.

मी सोलापुरात ॲम्ब्युलन्सवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी नव्या मुलामुलींचा अभ्यास घेतो. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारतो आणि बहुतेक जण ‘अ’वर खूण करतात. उत्तर ‘ड’ आहे. रक्त थांबवता येत नाही असा त्यांच्यात कोणीच नसतो. पण प्रश्नात ‘सर्वात आधी’ हे दोन शब्द आहेत, आणि चालू मागाजवळ हात घालणारा ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर पेशंट सांभाळणारा) दुसरा पेशंट होऊन बसतो.

ईएमटीची परीक्षा नव्वद टक्के वेळा माहितीपेक्षा क्रम विचारते, असं माझं मत आहे. अभ्यासही क्रमाचाच करावा लागतो, आणि क्रम नुसत्या वाचनानं अंगात मुरत नाही. तो तोंडानं म्हणावा लागतो, हातानं करावा लागतो. मी मुलांकडून अभ्यास कसा करून घेतो ते पायरीपायरीनं सांगतो.

पहिली पायरी : परीक्षकाचा कागद मागून घ्या

कोर्स सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना दोन गोष्टी विचारा. लेखी, प्रॅक्टिकल आणि तोंडी यांना किती किती मार्क आहेत? आणि प्रॅक्टिकलची गुण देण्याची यादी मिळेल का? या यादीत प्रत्येक कृती वेगळ्या ओळीत असते: हातमोजे घातले, जागा सुरक्षित आहे का पाहिलं, पेशंट किती ते विचारलं, जास्तीची मदत मागवली. काही ओळी अशा असतात की त्या चुकल्या तर बाकी सगळं बरोबर असूनही नापास. त्या ओळींवर लाल पेनानं खूण करा. पुढचा सगळा अभ्यास या कागदाभोवती फिरवायचा.

दुसरी पायरी : कणा आधी पाठ करा

पुस्तकात पंचवीस-तीस धडे असतात. छातीत दुखणं, दमा, भाजणं, बाळंतपण, साप चावणं. मुलं प्रत्येक धडा वेगळा पाठ करायला जातात आणि मध्येच दमतात. खरं तर प्रत्येक पेशंटसाठी पहिली पाच मिनिटं जवळपास सारखीच असतात. तो भाग एकदा पक्का झाला की बाकीचे धडे त्याला टांगता येतात.

तो कणा असा. हातमोजे, मास्क. जागा सुरक्षित आहे का? काय घडलं? किती जण? अजून मदत लागेल का? मान सांभाळायची गरज आहे का? मग पेशंटकडे: लांबून पहिली नजर. शुद्धीत आहे का? म्हणजे स्वतःहून जागा, हाकेला ओ देतो, चिमटा काढल्यावर हलतो, की काहीच नाही. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. आणि मग निर्णय: लगेच निघायचं की इथं थांबून तपासायचं. त्यानंतरच सविस्तर माहिती, डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, व्हायटल्स (नाडी, श्वास, रक्तदाब वगैरे) आणि गाडीत पुन्हा पुन्हा तपासणं. गंभीर पेशंट दर ५ मिनिटांनी, स्थिर असेल तर दर १५ मिनिटांनी.

इथंच एक गाठ बसते आणि दर बॅचमध्ये ती सोडवावी लागते. एका धड्यात ए-बी-सी (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण यांची इंग्रजी आद्याक्षरं) लिहिलंय, दुसऱ्यात सी-ए-बी, तिसऱ्यात ‘आधी रक्तस्राव’. मुलं विचारतात, सर, यातलं खरं काय? तिन्ही खरंच आहे, फक्त पेशंट वेगळे आहेत. श्वास चालू आहे, नाडी आहे, तिथं आधी श्वासमार्ग. नाडीच लागत नाही आणि श्वासही नाही, तिथं वेळ न घालवता आधी छाती दाबायची, कारण रक्तात अजून थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो आणि तो मेंदूपर्यंत ढकलणं आधी महत्त्वाचं. आणि मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत असेल तर श्वासमार्ग उघडेपर्यंतच माणूस रिकामा होतो, म्हणून रक्त आधी. तीन क्रम पाठ करण्यापेक्षा एकच प्रश्न मनात ठेवा: याला सर्वात लवकर कशानं मरण येईल? ते आधी.

तिसरी पायरी : पुस्तक मिटल्यावर जे येतं तेवढंच तुमचं

धडा तीनदा वाचला की सगळं ओळखीचं वाटायला लागतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यात फरक आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघून गेले होते. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

म्हणून असं करा. वर्गातून घरी आलात की चहा घ्या, आणि वही उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर आज शिकलेलं जे आठवतं ते लिहून काढा. दहा मिनिटं. मोडकंतोडकं चालेल. मग पुस्तक उघडा आणि जे राहिलं ते लाल पेनानं भरा. तोच धडा तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि साधारण तीन आठवड्यांनी असाच कोऱ्या कागदावर. लाल शाई दर वेळी कमी होत जाते, आणि अभ्यास होतोय की नाही ते त्या शाईवरून कळतं.

नोकरी करून कोर्स करणाऱ्यांना वेळ कुठून आणायचा हा प्रश्न असतो. त्यांना मी तास मोजायला सांगत नाही. पहाटे पाऊण तास, तोही ठरलेला. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो. त्या दुपारी पत्र्याच्या खोलीत पुस्तक घेऊन बसण्यात अर्थ नाही. दुपारीच बसावं लागत असेल तर गावातल्या एखाद्या वाचनालयाचा कोपरा धरा.

चौथी पायरी : तीन रकान्यांची वही

आपल्या मुलांना सर्वात जड जातं ते इंग्रजी. दहावी-बारावी मराठीतून झालेली; कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड किंवा उर्दू; आणि पुस्तकात टॅकिकार्डिया, ब्रॅडिप्निया, सायनोसिस. घाबरायचं कारण नाही. हे शब्द तुकड्यांनी बनलेले असतात. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे संथ. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. कार्डिया हृदयाचं, प्निया श्वासाचं, ग्लायसेमिया रक्तातल्या साखरेचं. चाळीसेक तुकडे पाठ झाले की शेकडो शब्द स्वतःच उलगडतात. फक्त हायपो आणि हायपर यांच्यावर थांबून, बोट ठेवून वाचायची सवय लावा. घाईत हे दोन एकसारखे दिसतात आणि साखर वाढलेल्याच्या जागी साखर उतरलेल्याचं उत्तर लिहिलं जातं.

दुसरी अडचण पुस्तकात नसते. पेशंट ‘डिस्प्निया’ म्हणत नाही. तो म्हणतो, “दम लागतोय.” मावशी म्हणतात, “जीव घाबरा होतोय.” म्हणून वहीत तीन रकाने आखा: पेशंटचा शब्द, पुस्तकातला शब्द, आपण आधी काय करणार. धाप, दम – डिस्प्निया – बसतं करा, ऑक्सिजन किती ते मोजा. आकडी, फिट – सीझर (seizure) – धरून ठेवू नका, आजूबाजूचं सामान हटवा, तोंडात काही घालू नका. तोंड वाकडं झालं – फेशियल ड्रूप – हात वर करायला लावा, बोलतं करा, आणि नातेवाइकांना विचारा, “शेवटचं नीट कधी बघितलं होतं?”

‘जीव घाबरा होतोय’ या ओळीला मात्र मी अख्खं पान देतो. हृदयाचा झटका असू शकतो, साखर उतरलेली असू शकते, दम्याची सुरुवात असू शकते, उन्हाचा त्रास असू शकतो, नुसती भीतीही असू शकते. इथं पुढचे प्रश्न कामाला येतात. इंग्रजीत त्यासाठी ओ-पी-क्यू-आर-एस-टी असं सूत्र आहे. मुलांना ते आठवेना म्हणून मी त्याचे सहा ‘क’ केले. काय करताना सुरू झालं? कशानं वाढतं, कशानं कमी होतं? कसं दुखतं, टोचतं की दाबल्यासारखं? कुठं दुखतं, कुठं सरकतं? किती दुखतं, दहापैकी? केव्हापासून? पेपरात इंग्रजी अक्षरांचा अर्थ लिहावा लागतो, म्हणून प्रत्येक ‘क’समोर त्याचं अक्षर लिहून ठेवा. तोंडी परीक्षेत आणि गाडीत सहा ‘क’ पुरतात.

पाचवी पायरी : आकडे एका पानावर, पण गणितं करून

आकड्यांचं एकच पान करा आणि आरशाशेजारी चिकटवा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०, नाडी ६० ते १००. सीपीआरमध्ये छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, मोठ्यांना ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाब आणि २ श्वास. लहान मूल असेल आणि मदतनीस दोघे असतील तर १५ आणि २. ऑक्सिजन नेझल कॅन्युलानं (नाकात लावायची नळी) मिनिटाला १ ते ६ लिटर, नॉन-रिब्रीदर मास्कनं (खाली पिशवी असलेला मास्क) १० ते १५ लिटर. सक्शन (तोंडातली लाळ, उलटी ओढून काढणं) मोठ्या माणसाला एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही.

पुस्तक कोणत्या सालचं आहे हेही बघा. श्वास थांबलाय पण नाडी आहे अशा लहान मुलाला जुन्या पुस्तकात ३ ते ५ सेकंदांना एक श्वास लिहिलेला असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या बदलानंतर तो २ ते ३ सेकंदांना एक झाला. शिक्षक कोणतं धरून मार्क देणार ते आधीच विचारून घ्या.

नुसते पाठ केलेले आकडे पेपरात विस्कटतात, म्हणून गणितं करा. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्ध मोजायची पट्टी, घ्या: डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आता पेशंट: हाक मारल्यावर डोळे उघडतो, कुठं आहे ते विचारलं तर गोंधळलेलं बोलतो, आणि खांद्याला चिमटा काढला की हात नेमका त्या जागी नेतो. डोळे ३, बोलणं ४, हालचाल ५. एकूण १२. अशी पाच उदाहरणं रोज मित्राला घाला आणि त्याच्याकडून पाच घ्या. ८ किंवा कमी आले तर डोक्याची इजा गंभीर, हे उत्तरासोबत मोठ्यानं म्हणा.

भाजल्याचंही तसंच. किती टक्के अंग भाजलं ते सांगणारा नऊचा नियम मोठ्या माणसाला: डोकं ९, एकेक हात ९, पुढचं धड १८, मागचं धड १८, एकेक पाय १८, जांघेचा भाग १. भगुलं कलंडून उजवा हात आणि पुढचं सगळं धड भाजलं असेल तर ९ अधिक १८, म्हणजे २७ टक्के. मग तेच पेशंट मूल आहे असं धरा. मुलाचं डोकं १८ धरतात आणि पाय कमी. हा फरक पेपर काढणाऱ्यांचा आवडता आहे.

श्वास मोजायचा सराव घरीच होतो. घरात कोणी टीव्ही बघत बसलं असेल तर त्यांना न सांगता तीस सेकंद छाती बघा आणि दुप्पट करा. सांगून मोजलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून मनगट धरून नाडी मोजतोय असं भासवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. ही युक्ती प्रॅक्टिकलला परीक्षकांनाही आवडते.

सहावी पायरी : धडे सोलापूर जिल्ह्यावर बसवा

कोरडा धडा लक्षात राहत नसेल तर त्याला गाव द्या. ऑर्गॅनोफॉस्फेट (एक प्रकारचं कीटकनाशक) विषबाधा म्हटलं की सांगोल्याची डाळिंबाची बाग डोळ्यासमोर आणा. फवारणी करणारा बांधावर पडलाय. तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, उलटी, जुलाब, कपड्यात लघवी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी संथ. सगळीकडून पाणी सुटलेला माणूस एकदा डोळ्यांपुढे आला की लक्षणांची यादी पाठ करावी लागत नाही. आणि पहिली कृती? हातमोजे, ॲप्रन; मग त्याचे भिजलेले कपडे उतरवणं आणि अंग धुणं. नाहीतर ते औषध तुमच्याही कातडीतून आत जातं.

उसाच्या फडात साप चावला, तर भारतातले चार मुख्य विषारी साप आठवा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. त्याबरोबर काय करायचं नाही तेही आठवा. आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. अवयव हलू न देता, पेशंटला चालू न देता दवाखाना गाठायचा. उष्माघातासाठी मे महिन्यातला रस्त्यावरचा मजूर घ्या: अंग ४० अंशांच्या वर आणि बोलणं असंबद्ध. असंबद्ध बोलणं हाच उष्माघात आणि साध्या थकव्यातला फरक, आणि प्रश्नात तो एका शब्दात लपवलेला असतो.

ट्रायाजसाठी (खूप पेशंट असताना कोणाला आधी बघायचं ते ठरवणं) सोलापूरची गड्ड्याची यात्रा किंवा आषाढीचं पंढरपूर घ्या. समजा गर्दीत चेंगराचेंगरी झाली. दहा चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक पेशंट. त्यातल्या पाच अशा: श्वास ३६, चालता येत नाही; श्वास २४, नाडी लागते, सांगितलेलं ऐकतो, पण चालता येत नाही; श्वास नाही, मान मागे केल्यावर सुरू झाला; श्वास नाही, मान मागे करूनही नाही; स्वतः चालत आला. एका चिठ्ठीला ३० सेकंद आणि एकच शब्द: लाल, पिवळा, लाल, काळा, हिरवा. लाल म्हणजे लगेच, पिवळा थोडं थांबू शकतो, हिरवा किरकोळ, काळा म्हणजे गेलेला. ट्रायाजच्या स्टार्ट पद्धतीत श्वास ३० च्या वर, मनगटाची नाडी नाही किंवा बोट दाबून सोडल्यावर रंग यायला २ सेकंदांपेक्षा जास्त, सांगितलेलं ऐकत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल. काळी चिठ्ठी देताना मुलांचा हात अडखळतो. अडखळू द्या, पण घरी अडखळून घ्या.

सातवी पायरी : प्रॅक्टिकल म्हणजे बोलत बोलत हात चालवणं

माझ्या प्रॅक्टिकलला ऑक्सिजनचं स्टेशन होतं. मला सगळं येत होतं. सिलिंडर उघडला, फ्लो १५ वर ठेवला आणि नॉन-रिब्रीदर मास्क लगेच पुतळ्याच्या तोंडावर बसवला. परीक्षकांनी मास्कखालची पिशवी दोन बोटांत धरून मला दाखवली. ती चपटी होती. ते काही बोलले नाहीत, कागदावर फुली मारली. पिशवी आधी भरून घ्यायची, मग मास्क लावायचा, हे मी शंभर वेळा वाचलं होतं. हातानं एकदाही केलं नव्हतं.

म्हणून सिलिंडर हातात घेऊन करा. काळं अंग, पांढरा खांदा बघा. हाताला तेल, क्रीम नको. व्हॉल्व्ह तोंडापासून लांब धरून किंचित उघडून बंद करा, धूळ उडून जाते. वॉशर जागेवर आहे का बघा. रेग्युलेटरच्या दोन पिना सिलिंडरच्या दोन भोकांत बसल्या पाहिजेत. ऑक्सिजनच्या पिनांची जागा ठरलेली असते म्हणून दुसरा गॅस चुकून जोडला जात नाही. हातानं घट्ट करा. चावीनं उघडा, काटा वाचा आणि किती आहे ते मोठ्यानं सांगा. फुसफुस आवाज येतो का कान द्या. नळी जोडा, फ्लो लावा, पिशवी भरू द्या, आणि मग मास्क. काढताना उलट: आधी मास्क, मग फ्लो बंद.

प्रत्येक कृती तोंडानं बोला. परीक्षकाला तुमच्या मनातलं दिसत नाही. ‘जागा सुरक्षित आहे’ हे मनात म्हटलं तर मार्क शून्य. सराव तिघांत करा: एक ईएमटी, एक पेशंट, एक यादी हातात घेतलेला परीक्षक, आणि आळीपाळीनं तिन्ही भूमिका. परीक्षक होण्यात सर्वात जास्त शिकायला मिळतं, कारण दुसऱ्याचं विसरलेलं डोळ्यात भरतं. एअरवेचं (श्वासमार्ग उघडा ठेवायला तोंडात घालायची वाकडी नळी) माप पेशंट झालेल्या मित्रावर फक्त बाहेरून घ्या, ओठाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत. तोंडात घालायचं ते पुतळ्याच्याच. छातीचे दाबही जिवंत माणसावर कधीच नाही. घरी पुतळा नसेल तर कडक उशीवर फक्त वेग आणि मोजणी पक्की करा. खोली मात्र सेंटरच्या पुतळ्यावरच कळते, म्हणून तास संपल्यावर दोन मिनिटं मागून घ्या.

आठवी पायरी : चुकांची वही

सराव पेपर सोडवला की बरोबर किती हे लगेच विसरा. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत घ्या आणि समोर कारण लिहा: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, की क्रम चुकला. ‘माहीत नव्हतं’ला पुस्तक हे औषध. ‘क्रम चुकला’ला पुन्हा कणा म्हणा. आणि ‘नीट वाचलं नाही’साठी पर्याय हातानं झाका, प्रश्नातलं वय, शुद्ध आणि ‘आधी’, ‘सोडून’, ‘नाही’ असे शब्द अधोरेखित करा, उत्तर मनात ठरवा, मगच हात काढा. चार पर्यायांत दोन बरोबर वाटत असतील तर कण्यात जे वर येतं ते धरा. ऑक्सिजन द्यायचा आणि श्वासमार्ग मोकळा करायचा यात मोकळा करणं आधी, कारण बंद नळीतून ऑक्सिजन जात नाही.

शेवटचे दोन दिवस

नवा धडा उघडू नका. आकड्यांचं पान, तीन रकान्यांची वही, चुकांची वही, एवढंच. रात्री जागू नका. झोप मोडली की पहिला जातो तो क्रमच. पिशवीत ओळखपत्र, दोन पेनं, हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि सेकंद काट्याचं घड्याळ ठेवा, कारण प्रॅक्टिकलला मोबाइल आत नेता येत नाही आणि नाडी मोजायची असते. नखं कापा. होटगी रोडनं किंवा सात रस्त्यावरून यायचं असेल तर सकाळच्या गर्दीचा अंदाज घेऊन अर्धा तास आधी निघा.

तोंडी परीक्षेत एखादा प्रश्न अजिबात आला नाही तर ठोकून देऊ नका. मी मुलांना असं म्हणायला शिकवतो: “सर, याचं औषध मला आठवत नाही. मी श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण सांभाळीन, व्हायटल्स घेईन आणि डॉक्टरांना फोन करून विचारीन.” खऱ्या गाडीतही हेच करायचं असतं, आणि परीक्षकांना ते माहीत असतं.